एकशेदहा व्होल्टचे दादा

एकशेदहा दादा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे पाहत, मग माणसांकडे. वायर कुठून आली, कुठे गेली, होल्डर हलतोय का, फ्यूजवर कुणा शहाण्याने भलतीच तार गुंडाळलीय का, हे सगळं न्याहाळून झालं की मग "बरं हाय का समद्यांचं?" असं विचारत. मयताच्या घरीही त्यांचं हेच. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. रडणाऱ्या मंडळींच्या डोक्यांवरून त्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कारकून, ह्यांच्यात दोनशेतीस व्होल्टबी पुरतं येत न्हाई. दिवा बघा कसा पिवळा पडलाय." मला हसू फुटलं. ते लपवायला मी जो हुंदका काढला तो इतका दांडगा निघाला, की मेलेल्याचा सख्खा भाऊ उठून माझीच समजूत घालायला आला.

पिंपरीला मी नगर जिल्ह्यातून आलो होतो. कारखाना अजून उभा राहायचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये स्टोअर होतं आणि त्या स्टोअरचा कारकून मी. आलेले खिळे मोजून घ्यायचे आणि गेलेले खिळे कुठे गेले ते विचारायचं नाही, एवढं माझं काम. गावठाणात दादांच्या घरची पडवी मला भाड्याने मिळाली. दादा तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले. रान नदीच्या वरच्या अंगाला. जोडधंदा लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावण्याचा. पण विचाराल तर ते उलटं सांगत: धंदा लाऊडस्पीकरचा, रान आपलं जोडीला.

लढाई संपल्यावर देहूरोडला लष्करी मालाचे लिलाव होत. कुणी ताडपत्र्या घेतल्या, कुणी डबे. गावातल्या एकाने घाईघाईत पोतंभर बूट घेतले आणि घरी येऊन पाहतो तो सगळे डाव्या पायाचे. दादांनी अमेरिकन ॲम्प्लिफायर घेतला, त्याच्याबरोबर रेकॉर्ड वाजवायची विजेवर फिरणारी थाळी आणि दोन कर्णे. दोन्ही यंत्रांच्या पाठीवर एकशेदहाचा आकडा; गावाने तोच दादांना चिकटवला. आपल्याकडची वीज दोनशेतीस व्होल्टची. थेट लावली असती तर दोन्ही जागच्या जागी जळाली असती. मग पुण्याच्या एका मिस्त्रीकडून दादांनी व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. लोखंडी पेटीतला, जात्याच्या तळीसारखा जड. गाव त्याला ठोकळा म्हणे. दादा म्हणत दुभाष्या. "ह्यो ॲम्प्लिफायर म्हंजे अमेरिकेचा पाव्हणा," ते नव्या माणसाला समजावत, "परमुलखात येऊन पडलाय. आपलं दोनशेतीस त्याला झेपत न्हाई. मधी दुभाष्या बसतो, त्यो त्याला समदं एकशेदहात उतरवून सांगतो."

काकूंना, म्हणजे दादांच्या बायकोला, हा पाहुणा मुळीच आवडत नसे. "पाव्हणा चार दिसांनी जातो," त्या म्हणत, "ह्यो माज्या देव्हाऱ्याच्या जागी बसलाय." एकदा त्या तापाने पडलेल्या. दादा लग्न उरकून आले, पाहुण्याला खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्या पाठीवर तळहात ठेवून म्हणाले, "लई तापलाय." काकू वाकळेतून म्हणाल्या, "मीबी तापलीय वो. जमलं तर हिकडंबी हात लावा."

ठोकळा खरंच फार तापे. हे मला कळायला माझी एकुलती लोकरीची पँट खर्ची पडली. तळेगावला एक लग्न होतं. माघातली थंडी, मावळातलं वारं. दादा कर्णा बांधायला झाडावर चढलेले आणि मी ठोकळ्याची राखण करत उभा. हात लावून पाहिला तर उबदार. बसलो. इतकं बरं वाटलं म्हणता की तसाच पेंगलो. मुहूर्ताची गडबड झाली तेव्हा उठायला गेलो तर पँट उठेना. वरचं वॉर्निश पाघळून लोकरीत मुरलं होतं. दादा खाली उतरले, मला पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "कारकून, जोर करू नका. दुभाष्याची तार तुटंल." पुढलं सगळं लग्न मी दादांच्या जादा धोतरात काढलं. वरमाई मला दादांचा धाकटा भाऊ समजून आहेराचा टॉवेल देऊन गेली. मी तो घेतला.

दादांच्या धंद्याला कडक सोवळं होतं. जिथे वीज नाही तिथे ते जात नसत. महाळुंग्याकडची लग्नं म्हणून बॅटरीवाल्यांनी नेली. "बॅटरीचा आवाज म्हंजे उसन्या भाकरीवर जेवण," असं म्हणून दादा मोकळे. पण सगळ्यात कडक नियम नव्या रेकॉर्डचा. नवी रेकॉर्ड आली की तिला हळदकुंकू लावायचं, फडक्यात बांधायची आणि थेट मांडवात, लोकांसमोर सुई टेकवायची. घरी वाजवून बघायची नाही. मी एकदा म्हणालो, "दादा, आधी ऐकून बघू ना, चांगली आहे का." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी नैवेद्याच्या ताटातली वाटी उचलून तोंडाला लावली. "लोकांच्या आदी आपुन ऐकायची? उष्टी करून वाढायची व्हय पंगतीला?"

आता जरा नाजूक गोष्ट सांगतो. दादांच्या रेकॉर्डी हळू वाजत. फार नाही. पण गाणारी बाई जरा झोपेतून उठल्यासारखी वाटे आणि गाणारा पुरुष भरपेट जेवून बसल्यासारखा. आम्हाला मात्र ते हळू आहे हे ठाऊकच नव्हतं. गावाने पहिल्यांदा गाणी ऐकली ती याच थाळीवर. आणि मी आलो तो रेडिओही नसलेल्या गावातून. एका प्रसंगाने मला ते कळायला हवं होतं: एकदा पुण्याला गेलो होतो, तिथे एका हॉटेलात आमच्या लग्नांतलंच एक गाणं लागलं. बाई नुसती धावत सुटली होती! मी गल्ल्यावर जाऊन मालकाला मोठेपणाने सांगितलं, "तुमचं मशीन बिघडलंय. फार जोरात पळतंय." मालकाने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "राव, कुठल्या गावचे?" मी ताठ मानेने म्हणालो, "पिंपरी." सगळं हॉटेल हसलं. आणि मी काय निष्कर्ष काढला? की पुणेकरांना गाण्यातलं काही कळत नाही. दादांनाही तो पटला. "त्या लोकांना घाई," ते म्हणाले. "गाणंबी पळवत्यात."

मग कारखान्याने रान घेतलं. एकट्या दादांचं नाही, नदीच्या वरच्या अंगाची बरीच रानं गेली. गावाची बैठक मारुतीच्या पारावर झाली. आमचे मॅनेजरसाहेब आले होते. पांढरा बुशशर्ट, बोलणं लोण्यासारखं. ज्याची जमीन गेली त्याच्या घरच्या एकाला काम, असं ते म्हणाले. तोंडी. दादांना मूलबाळ नव्हतं, म्हणजे घरातला एक म्हणजे तेच. वय गेलेलं, शाळा पाहिलेली नाही. साहेब हसून म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी तर जागा ठरलेलीच आहे. कारखान्यात लाऊडस्पीकर लागणार. शिफ्टच्या सूचना, सभा, समारंभ. ते काम तुमचं, कायमचं. उद्घाटनाचा समारंभ तेवढा झकास करून दाखवा."

दादा त्या दिवसापासून बदलले. रान गेल्याचं दुःख त्यांनी कुणाजवळ काढलं नाही, पण रोज संध्याकाळी पाहुण्याला पुसायला घेत. काकूंनी पहिल्यांदा आपल्या हाताने त्याच्यावर घालायला झालर शिवली. त्या मला म्हणाल्या, "पगार सुरू झाला म्हंजे धान्य इकत आणायला लाज न्हाई वाटायची. आजवर कंदी इकत आणलं न्हाई आमी." दादांना त्या वयात नोकरी म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "कारकून, कायम म्हंजे मरस्तवर का?" मी म्हणालो, "साधारण तसंच." तेवढं त्यांना पुरलं.

कारखान्याचे मूळ मालक, म्हणजे शेट, मुंबईला असत. उद्घाटन त्यांच्याच हस्ते व्हायचं, पण ते आजारी पडले. मग त्यांनी आपलं भाषण मुंबईत रेकॉर्डवर भरून घेतलं आणि मोटारीने पाठवलं. मखमलीच्या खोक्यात रेकॉर्ड, सोबत एक अधिकारी. आमच्या साहेबांनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं आणि दादांना म्हणाले, "एकदा लावून बघता ना?" दादांनी रेकॉर्ड कपाळाला टेकवली. "साहेब, शेटचा शबूद हाय. पयला लोकांनीच ऐकावा." साहेबांना ते फार आवडलं. सोबतच्या अधिकाऱ्याला ते इंग्रजीत समजावून सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते.

मांडव असा की पिंपरीने तसा पाहिला नव्हता. पुढे कोचांवर पाहुणे, मागे नवे कामगार, त्यामागे रानं गेलेलं सगळं गाव. दादा नव्या पांढऱ्या सदऱ्यात ठोकळ्याशेजारी बसलेले. मी पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडण्याच्या कामावर होतो आणि पहिल्याच फवाऱ्यात एका पाहुण्यांचा चष्मा आंधळा करून झाला होता. साहेबांनी हात वर केला. दादांनी सुई टेकवली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शेट म्हणजे दारूबंदीचे मोठे पुरस्कर्ते. तेव्हा राज्यात दारूबंदी होतीच. म्हणजे दारू मिळायची, पण पिऊन आलेला माणूस वासाच्या भीतीने लांबून बोलायचा. आणि शेटनी भाषणाला विषय हाच घेतलेला.

कर्ण्यातून आवाज आला तो जड, घोगरा, जिभेला ओझं झाल्यासारखा. "बंऽधूंऽनो... मद्यऽपाऽन... हा काऽमगाराचा... शत्रूऽ आहेऽ..." एकेक शब्द डोलत डोलत येत होता आणि पुढच्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहत होता. मग गावकऱ्यांतून कुणीतरी म्हणालं, "शेटनी आदी शत्रू पोटात घातलाय, मंग भाषणाला उभं ऱ्हायलंय!" दुसरा म्हणाला, "एकला न्हाई रं, पलटणच गिळलीय!" आणि जो हशा उठला! कामगार हसले, मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, कोचावरचे पाहुणे छताची झालर मोजू लागले.

दादांना काहीच वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या कानाला आवाज नेहमीसारखाच होता, माणसासारखा. त्यांना वाटलं, मागे नीट ऐकू जात नाही म्हणून लोक गलका करतायत. त्यांनी आवाज वाढवला.

साहेब धावत आले. "बंद कर! बंद कर म्हणतो ना!" पारावरचं अहो-जाहो वाटेतच कुठे गळून पडलं होतं. दादा हात जोडून म्हणाले, "साहेब, मोठा माणूस बोलतोय, मधीच कसा तोडायचा?" शेवटी साहेबांनीच सुई ओढली. करकरीत ओरखडा उठला, तो दोन्ही कर्ण्यांतून नदीपर्यंत गेला असेल.

मांडवामागे साहेब दादांना म्हणाले, "मुद्दाम केलंस. जमिनीचा राग काढलास. सगळ्या गावाने ठरवून केलंत."

"आवाज कमी पडला का साहेब?" दादांनी विचारलं. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

लाऊडस्पीकरचं काम पुण्याच्या एका नव्या सेटवाल्याला गेलं.

कारखान्यात अमेरिकन यंत्रं बसवायला एक तरुण इंजिनिअर आला होता. मी त्याला खिळे देताना हा किस्सा रंगवून सांगितला. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, बाकी काही नाही. वीज सेकंदाला किती हेलकावे घेते, ते त्याला बदलता येत नाही. अमेरिकेत साठ, इथे पन्नास. ॲम्प्लिफायरला फार फरक पडत नाही. पण थाळीची मोटर हेलकाव्यांवर फिरते, ती इथे मंद होणारच." आणि मग सहज म्हणाला, "कंपनीला हे माहीत आहे की. आपल्या सगळ्या यंत्रांच्या मोटरी पन्नासच्या करून मागवल्यात. मॅनेजरसाहेबांच्या सहीनेच."

मी तसाच साहेबांकडे गेलो. उमेदवारीतला कारकून, केबिनच्या दारात पाय घसरून मी जवळजवळ त्यांच्या टेबलावरच हजर झालो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ते पटलंही. म्हणाले, "अरे, पण मी शेटना कळवून बसलोय की माणसाने मुद्दाम केलं. आता काय कळवू, हेलकावे चुकले? मग ते विचारतील, तुला माहीत नव्हतं का?" त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. एकच.

दादांना मी सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते. हेलकाव्यांचं त्यांना कळलं की नाही, देव जाणे. म्हणाले, "म्हंजे दुभाष्यानं अर्दंच सांगितलं पाव्हण्याला." मग काकूंकडे वळून, "येवढी वर्सं गावाची लग्नं आमी पेंगतच लावली गं." काकू म्हणाल्या, "लागली ना? मोडली तर न्हाईत कुणाची."

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने लेथवर पितळेची एक टोपी कातून मोटरच्या दांड्यावर बसवली. दांडा जाड झाला, थाळी नीट फिरू लागली. पुढच्याच लग्नात दादांनी गाणं लावलं. बाई स्वच्छ, ताजी, चपळ गायली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा आला. "दादा, मशीन बिगाडलं काय तुमचं? लई पळतंय. गाणं हाय का टांग्याचं घोडं?" पाठोपाठ दुसरा. मग तिसरा. दादा सगळ्यांना समजावत बसले, आत्ता बरोबर आहे, आधी चुकत होतं. पण आपल्या लग्नात आपण चुकीचं गाणं ऐकलं हे कुणाला पटणार? पुढच्या हंगामात लोकांनी पुण्याचा तो नवा सेट आणायला सुरुवात केली. त्याचं गाणंही तेवढंच पळे. पण तो पुण्याचा, नवा, कारखान्याने नेमलेला. त्याचं पळणंही लोकांना रुबाबाचं वाटलं.

काकू धान्य विकत आणू लागल्या होत्या. तेव्हा दादा गेटवर जाऊन बदली हमालांच्या रांगेत उभे राहिले. आपल्याच रानावर बांधलेल्या गोदामात खोकी वाहायला. मी स्टोअरमध्ये असल्याने त्यांना हलकी खोकी देऊ बघे. ते मुकाट्याने जड उचलत. एकदा म्हणाले, "कारकून, मला वळखत न्हाई असं वागा. तुमची नोकरी आता कायम झालीय, संबाळा."

कारखान्यात ठिकठिकाणी नवे कर्णे लागले होते. एका दुपारी शिफ्ट बदलायच्या आधी त्यांतून सूचना सुरू झाली. पुढील बदली हमालांनी गेटवर हिशेब घेऊन जावा, उद्यापासून येऊ नये. मग नावं. दादांचं नाव आलं, बापाच्या नावासकट. ते खोकं खांद्यावर घेऊन गोदामाच्या मध्यावर थांबले, मान किंचित तिरकी करून. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी जवळ गेलो.

"आवाज साफ हाय," दादा म्हणाले. "एक अक्षर गिळलं न्हाई."

खोकं जिथे न्यायचं होतं तिथे त्यांनी ते नेऊन ठेवलं, कड भिंतीला लावून सरळ केलं, आणि गेटाकडे चालू लागले.